न चढलेल्या ओळी

सोहारच्या औद्योगिक वसाहतीत, गुरुवारी संध्याकाळी,
एसीच्या गारठ्यात शाल गुंडाळून मी बसले आहे
परकारांच्या बावीस वर्षांसमोर :
सहा एक्सेल फायली, दोरीनं बांधलेली एक डायरी
आणि एका पंपाच्या खोक्याचं झाकण,
त्यावर मागच्या बाजूनं पेन्सिलीत फोन नंबर.

पाइपलाइन चढवून घ्या, असा मस्कतहून मेल.
परकार हसले. म्हणाले, बाय,
सहमपासून शिनासपर्यंत पाइपलाइन मी
जमिनीखालून नेली.
चढवायची म्हणजे कुठं?
क्लाउडवर, म्हटलं मी.
त्यांनी खिडकीतून वर पाहिलं.
मे महिना.
वर काहीच नव्हतं.

मग जोड्या लावा.
डावीकडे त्यांचे रकाने, उजवीकडे सॉफ्टवेअरचे.
नावाला नाव, फोनला फोन.
रकमेपाशी घोटाळा :
रियालला तीन दशांश, याला दोनच कळतात,
साडेबारा रियालचा वॉशर
बारा हजार पाचशेला गेला.
परकार म्हणाले, राहू दे ना,
एका तरी महिन्याचं टार्गेट होईल.

दुबार नोंदी एकेचाळीस.
सईद खमीस आणि खमीस सईद, नंबर एकच.
मर्ज करू?
नको नको, तो बाप आहे, हा लेक.
बाप रोख देतो, लेक चेक देतो,
चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.
मग फोन?
फोन आईकडे असतो.

व्यवहार का हुकला, ते सांगणं सक्तीचं :
किंमत, स्पर्धक, मुदत, इतर.
परकारांच्या फाईलमध्ये मात्र ओळीमागून ओळ
एकच कारण : विहीर खारी.
लिंबं वाळली, खजूर वाळले, पंप कुणाला हवाय?
समुद्र आत शिरतोय दरवर्षी थोडा थोडा.
स्पर्धक लिही हवं तर, म्हणाले.

शेवटचा रकाना शेरा.
'दुपारी फोन नको.'
'बायको गेली, सहा महिने हिशोब काढायचा नाही.'
'मोटार जाळली यानंच, पण बोलायचं नाही.'
'तीन कप कहवा घ्यावाच लागतो,
पुरे झालं की कप हलवायचा, तोंडानं नको म्हणू नये.'
उजवीकडे याला जोडी नाही.
हा रकाना वगळायचा का? असं तो विचारतो,
आणि मी उत्तर न देता
उठून पाणी पिऊन येते.

आठ वाजता निळी पट्टी सरकायला लागली.
दोघं पाहत बसलो,
दूध उतू जाईल म्हणून पाहत बसावं तसं.
तीन हजार नऊशे चढल्या.
सतरा परत आल्या.

सोळांचं काय ते साधं होतं :
आठऐवजी सात आकडे, नावाच्या जागी ट्रकचा नंबर.
सतरावी, ओळ दोन हजार एकशे चौदा.
ग्राहक : घर. ठिकाण : दाभोळ.
टप्पा : बोलणी चालू.
अपेक्षित तारीख : एकतीस मार्च, दोन हजार अकरा.
शेऱ्यात चौदा, मग सतरा, मग वीस,
मग नुसतं 'पुढच्या'.
आणि लाल अक्षरांत सॉफ्टवेअरचं म्हणणं :
अपेक्षित तारीख
भूतकाळातली असू शकत नाही.

परकारांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.
हे इथं कसं आलं, म्हणाले, कुणाला उद्देशून नाही.
बाय, हे गिऱ्हाईक कंपनीचं नाही.

मंगळवारचं तिकीट आहे त्यांचं, फक्त जाण्याचं.
मी न विचारता मंगळवार टाकला.
ओळ मुकाट चढली,
आणि लगेच यादी उघडली :
टप्पा बंद करा. जिंकला, की हरला?

काय घालू? मी विचारलं.
थर्मासमधला कहवा त्यांनी दोघांना ओतला,
आपला संपवला,
आणि रिकामा कप
दोन बोटांत धरून
हलवला.